रुग्णाचे ताट आणि संगणकाची राखण

रुग्णालयातील जेवण हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात आली असल्यास त्यात नवल नाही. रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रिया येते, इंजेक्शने येतात, फार तर बिलाचा आकडा येतो. तेथील वरणभाताचा विचार आपण करतो तो 'बेचव असते' एवढे म्हणण्यापुरताच. परंतु तेच ताट एखाद्या रोग्याच्या जिवावर बेतू शकते. आणि बेतते तेव्हा त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, बहुधा आळसही नसतो. चार चांगल्या माणसांनी आपापले काम नीट केले असतानाही चूक घडते. ती कशी घडते, ती टाळण्यासाठी संगणकाचा उपयोग कसा करतात आणि त्या संगणकावर कितपत विसंबावे, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक साधी हकीकत सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील आठ वर्षांच्या मुलाला तापासाठी एका रुग्णालयात ठेवावे लागले. मुलाला शेंगदाण्याचे वावडे. घरात ते सर्वांना ठाऊक. दाखल करून घेताना खिडकीपाशी आईला विचारले गेले, "औषधाची काही ॲलर्जी आहे का?" ती म्हणाली, "नाही." उत्तर खरेच होते. कागदावर 'ॲलर्जी' एवढाच एक रकाना होता. लिहिणाऱ्याने तो कोरा ठेवला. वॉर्डातील परिचारिकेने कोरा रकाना पाहून आपल्या तक्त्यावर आडवी रेघ ओढली. आहारतज्ज्ञ बाईंनी त्या रेघेचा अर्थ 'काही नाही' असा घेतला, आणि स्वयंपाकघराकडे गेलेल्या यादीत मुलाच्या नावापुढे 'सर्व आहार' असे शब्द उमटले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला साबुदाण्याची खिचडी आली. आणि खिचडी म्हटली की दाण्याचे कूट आलेच. आई उशाशी बसली होती म्हणून बशी परत गेली. त्या वेळी ती औषधे आणावयास खाली गेली असती तर काय झाले असते, हा विचार तिच्या मनातून अजून जात नाही.

या हकीकतीत खोटे कोणी बोलले नाही. विचारणाऱ्याला औषधांची काळजी होती, आईने विचारल्याचे उत्तर दिले, परिचारिकेने दिसले तसे उतरवले, स्वयंपाक्याने यादीप्रमाणे वाढले. मात्र एक कोरी जागा चार हातांतून गेली आणि जाता जाता तिचा 'नाही' होऊन बसला. 'नाही' आणि 'ठाऊक नाही' या दोन उत्तरांतील फरक पुसला गेला की अपघाताची सर्व तयारी पूर्ण होते. हा फरक शेवटच्या ताटापर्यंत जिवंत ठेवणे, हेच या कामी संगणकाचे मुख्य कर्तव्य होय, असे आमचे म्हणणे आहे.

वावडे म्हणजे नेमके काय?

'चालत नाही' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग मोठा सोयीचा आहे. "मला अंडे चालत नाही" असे सांगणारा मनुष्य शाकाहारी असेल, श्रावण पाळणारा असेल, पित्ताने बेजार असेल, किंवा अंड्याच्या एका घासाने त्याचा श्वास कोंडत असेल. घरी आपण संदर्भावरून अर्थ ओळखतो. रुग्णालयात या चौघांची व्यवस्था चार तऱ्हांनी करावी लागते. म्हणून प्रथम ॲलर्जीचा अर्थ पाहू.

१९०२ साली पॉल पोर्तिए आणि शार्ल रिशे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट आढळली. समुद्रपुष्प या सागरी प्राण्याचे विष कुत्र्याला एकदा टोचले आणि सुमारे तीन आठवड्यांनी अगदी अल्प मात्रेत पुन्हा टोचले, तर त्याचे संरक्षण होण्याऐवजी ते थोड्याच मिनिटांत दगावते. रिशे यांना या संशोधनाबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिसादाला 'ॲलर्जी' हे नाव दिले. पुढे १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्यूस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्यूस्टनर यांना माशाचे वावडे होते, प्राउस्निट्झ यांना नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तेव्हा प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर गांध उठली. वावड्याचे मूळ रक्तातील कोणत्या तरी पदार्थात आहे, हे यावरून उघड झाले. तो पदार्थ म्हणजे आयजीई नावाचे प्रतिद्रव्य. त्याचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी लावला.

या प्रतिद्रव्याचे वागणे एखाद्या अतिउत्साही पहारेकऱ्यासारखे असते. दाणे, दूध, अंडे, मासे यांतील निरुपद्रवी प्रथिनाला तो शत्रू समजतो. ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की शरीरातील विशिष्ट पेशींतून हिस्टामीन व तत्सम द्रव्ये एकदम बाहेर पडतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते; आणि प्रकरण वाढल्यास श्वासनलिका आकुंचन पावते, रक्तदाब कोसळतो. या शेवटच्या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिच्यावर पहिला उपाय एकच, तो म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. खाज थांबविणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

दूध न पचणे ही निराळी गोष्ट. तेथे दुधातील शर्करा पचविणारे पाचकद्रव्य कमी पडते. पोट फुगते, जुलाब होतात, पण श्वास अडत नाही. ॲलर्जीच्या रोग्याला मात्र कणभर पदार्थही पुरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन ही संदर्भमात्रा सुचविली. दाण्याची ॲलर्जी असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे पाच जणांना तेवढ्यानेही उघड लक्षणे होतील, असा तिचा अर्थ. शेंगदाण्याचा एक दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, आणि त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिन. म्हणजे २ मिलिग्रॅम प्रथिन हा एका दाण्याचा साठावा भाग झाला. एका भांड्यातला डाव न धुता दुसऱ्या भांड्यात बुडविला, तर एवढे कूट सहज जाते.

रुग्णालयात धोका अधिक का?

घरी असताना वावडे असलेला मनुष्य स्वतःचा पहारेकरी असतो. काय शिजले, कशात काय पडले, हे तो विचारतो, वास घेतो, शंका आली तर ताट बाजूला सारतो. रुग्णालयात शिरताच हा पहारा उठतो. रोगी ग्लानीत असतो, लहान असतो, अतिवृद्ध असतो, कधी परभाषी असतो. अन्न दुसरा ठरवितो, तिसरा शिजवितो, चौथा वाढतो. शिवाय रुग्णालयाने दिले म्हणजे ते योग्यच असणार, असा भरवसाही मनात असतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रुग्णालयांनी आपल्या चुका एका सरकारी संस्थेला कळविण्याची पद्धत आहे. त्या संस्थेने २०१५ साली आहारविषयक चुकांचा आढावा प्रसिद्ध केला. चुकीच्या रोग्याला गेलेली ताटे, उपाशी ठेवावयाच्या रोग्याला दिलेले जेवण असे नाना प्रकार त्यात होते. परंतु सर्वांत मोठा वाटा होता तो ज्याचे वावडे आहे तेच ताटात येण्याचा. यंत्रसामग्रीत तेथील रुग्णालये मागासलेली नाहीत. तरीही ही चूक तेथे वारंवार होते, यावरून ती गरिबीची वा अडाणीपणाची नसून हस्तांतराची आहे हे ध्यानात येते.

हे हस्तांतर किती वेळा होते ते मोजून पाहू. रोग्याचे म्हणणे प्रवेशाच्या खिडकीवर कागदात जाते. कागदावरून ते वॉर्डात जाते, वॉर्डातून आहार विभागात, तेथून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून ताटे भरणाऱ्यांकडे, आणि ढकलगाडीवरून अखेर खाटेपाशी. सहा ठिकाणी एकाने सांगावयाचे आणि दुसऱ्याने समजावयाचे. त्यातच दुपारी रोग्याची खाट बदलली, बारा नंबरचा चौदावर गेला आणि ताट मात्र बारावरच आले, असेही घडते.

संगणक काय करतो?

संगणकाला वरणाचा वास येत नाही आणि दाण्याची भीती वाटत नाही. त्याला एकच विद्या येते: दोन याद्या चटकन आणि न कंटाळता ताडून पाहणे. म्हणून त्याच्यापुढे याद्या कोणत्या ठेवाव्या, हा खरा प्रश्न.

पहिली यादी रोग्याची. कोणाला कशाचे वावडे आहे, ते खात्रीचे की संशयित, आणि त्याचा परिणाम सौम्य की प्राणघातक, हे तीत नोंदलेले असते. दुसरी यादी पाककृतींची. आमटीत काय काय पडते, हे तीत असते. तिसरी कोठीतील मालाची. आमटीत मसाला पडला हे दुसरी यादी सांगेल. पण त्या मसाल्याच्या पुड्यात काय होते, हे तिसरीच सांगू शकेल. या तीन याद्या एकमेकींना जोडल्या की दुपारच्या ताटाची चिठ्ठी छापण्यापूर्वी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, प्रत्येक रोग्याच्या नावापुढील प्रत्येक पदार्थ उलगडून पाहते आणि विसंगती दिसली तर ताट अडवून धरते.

तिसऱ्या यादीचे महत्त्व आपल्या स्वयंपाकावरून सहज कळेल. गव्हाचे वावडे असलेल्याला भात आणि फोडणीचे वरण द्यावे, यात कोणाला काय आक्षेप असणार? परंतु बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग पुष्कळदा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. तिळाचे वावडे असलेल्याला आमटी निर्धोक वाटते. पण गोड्या मसाल्यात तीळ भाजून घातलेले असतात. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट आहे, हे आपल्या घरात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. परगावच्या आचाऱ्याला आणि परदेशात तयार झालेल्या आज्ञावलीला ते सांगावेच लागते. त्या आज्ञावलीला 'कोशिंबीर' म्हणजे नुसत्या भाज्यांचे मिश्रण असे वाटल्यास दोष तिचा नाही.

शब्दांचीही अशीच अडचण. एकाने 'दाणे' लिहिले, दुसऱ्याने 'शेंगदाणे', तिसऱ्याने 'भुईमूग', चौथ्याने 'पीनट', आणि पाचव्याने घाईत नुसते 'नट्स'. माणसाला पहिले चार शब्द एकच वाटतात. संगणकाला ते चार निरनिराळे पदार्थ. पाचवा शब्द तर अधिक घोटाळ्याचा, कारण भुईमूग हे द्विदल धान्य असून बदाम-काजूंच्या कुळातले नव्हे; एकाचे वावडे असलेल्याला दुसरे चालूही शकते. यावर उपाय म्हणून प्रत्येक वस्तूला जगभर एकच संकेतांक देण्याची पद्धत निघाली आहे. वैद्यकीय संज्ञांचा असा एक मोठा कोश स्नोमेड सीटी या नावाने प्रसिद्ध आहे. भारत २०१४ साली त्यात सहभागी झाला आणि त्याचे आपल्या देशातील राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅक या संस्थेकडे आले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. मुक्तपणे टंकलेला शेरा माणसाने वाचावा म्हणून ठेवावा. ताट अडविण्याचे काम संकेतांकावरच सोपवावे.

शेवटी ताट खाटेपाशी आले की ढकलगाडीवाल्याने खाटेचा नंबर न पाहता रोग्याच्या मनगटावरील पट्टी पाहावी. दोन्हीकडे बारकोड असेल तर यंत्राने ते जुळविता येतात. नसेल तर रोग्यालाच त्याचे पूर्ण नाव विचारावे. "तुम्हीच पाटील ना?" असे विचारले तर ग्लानीतला मनुष्य कशालाही मान डोलावतो. "आपले नाव काय?" असे विचारणे बरे.

इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांच्या जेवणाचा एक स्वतंत्र आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक रुग्णालयाने जेवणाची मागणी संगणकावर नोंदवावी अशी शिफारस त्यात आहे. पथ्ये व वावडी सांभाळली जावीत आणि अन्न वाया जाऊ नये, असे दोन्ही हेतू तीमागे होते.

कोऱ्या जागेचे काय करावे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रोग्याच्या यादीत दोनच उत्तरांची सोय केली, 'आहे' आणि 'नाही', तर न विचारलेला प्रश्न कोठे जाणार? तो निमूटपणे 'नाही'च्या बाजूला जाऊन बसतो. चांगली आज्ञावली म्हणून तीन उत्तरे मानते: आहे, विचारले, पण नाही, आणि अद्याप विचारलेले नाही. स्नोमेडच्या कोशात 'अन्नाची ज्ञात ॲलर्जी नाही' यासाठी स्वतंत्र संकेतांक आहे, त्याचे कारण हेच. तो संकेतांक कोणीतरी विचारून, आपल्या नावावर घालावा लागतो. रकाना नुसता रिकामा ठेवून ते काम होत नाही. तिसऱ्या उत्तराच्या रोग्याला नेहमीचे ताट सुटता कामा नये. परिचारिकेच्या पडद्यावर प्रश्न उभा राहावा, आणि उत्तर येईपर्यंत पेज, उकडलेला बटाटा असे जपून निवडलेले काही द्यावे.

हाच नियम पाककृतीला. ज्या पदार्थाचे घटक भरलेले नाहीत तो 'निर्धोक' मानू नये, 'अज्ञात' मानावा. या चुकीची किंमत किती असते, हे इंग्लंडमधील एका घटनेने सर्वांना शिकविले. १७ जुलै २०१६ रोजी नताशा एडनान-लापेरूझ या पंधरा वर्षांच्या मुलीने प्रवासाला निघताना लंडनच्या विमानतळावर एक भरलेला पाव विकत घेतला. तिला तिळाचे वावडे होते. तीळ पावाच्या कणकेतच मळलेले होते, आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. दुकानातच बांधलेल्या पदार्थावर तो करण्याचे बंधन त्या वेळच्या नियमांत नव्हते. तिने व तिच्या वडिलांनी वेष्टन पाहिले, तीळ लिहिलेले दिसले नाहीत, म्हणून ते नाहीत असे धरले. त्याच दिवशी ती मरण पावली. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांमुळे कायदा बदलला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा पदार्थांवरही सर्व घटक छापणे तेथे सक्तीचे झाले. लोक त्याला नताशाचा कायदा म्हणतात. ही घटना रुग्णालयातील नसली तरी रिकाम्या रकान्याची आणि रिकाम्या वेष्टनाची जात एकच.

आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली जे वेष्टनविषयक नियम केले, त्यांत ॲलर्जीची सूचना देण्यासाठी आठ गट सांगितले: ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट. युरोपातील २०१४ पासून लागू झालेल्या नियमांत असे १४ गट आहेत, आणि त्यांत तीळ व मोहरीही येतात. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला नववे स्थान दिले. आपल्या २०२० च्या आठ गटांत तीळ नव्हता. तेव्हा तिळगूळ वाटणाऱ्या महाराष्ट्रात एखाद्या रुग्णालयाने आपली आज्ञावली केवळ वेष्टनावरील ठळक सूचनेवर बसविली, तर तिळापुरती ती आंधळी राहील. घटकांची संपूर्ण यादी वाचून भरण्याचे कष्ट म्हणूनच चुकवता येत नाहीत.

संगणकाच्या मर्यादा

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, यंत्र बसविले की काम झाले. तसे नाही. कोठीवाल्याला नेहमीचा मसाला मिळाला नाही आणि त्याने दुसऱ्या कंपनीचा आणला. संगणकात जुनाच राहिला. त्या क्षणापासून संगणक मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे सांगू लागतो. माल बदलला की नोंद बदलेपर्यंत तो पुडा फोडावयाचा नाही, अशी शिस्त आचाऱ्याच्या अंगी नसेल तर आज्ञावली निरुपयोगी. सकाळी दहाला चिठ्ठ्या छापल्या आणि साडेदहाला रोग्याच्या मुलीने वॉर्डात वावड्याची गोष्ट सांगितली, तर ती छापलेल्या चिठ्ठीपर्यंत कशी पोचावयाची, याचीही वाट आखलेली हवी. वीज गेली तर कागदाची ताजी यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हवी.

दुसरी मर्यादा अति सावधपणाची. कर्नाटकात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढांपैकी २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे आयजीई सापडले. पण त्या अन्नाने खरोखर त्रास होणारे, म्हणजे संभाव्य ॲलर्जीग्रस्त, केवळ १.२ टक्के निघाले. रक्ताच्या तपासणीचा कागद जसाच्या तसा संगणकात ओतला तर चौथा हिस्सा लोकांचे ताट विनाकारण उणे होईल. आजारी माणसाला अन्नाची गरज अधिक असते. त्याला अर्धपोटी ठेवणे हीही चूकच. त्यातच नावड, उपास आणि अपचन हे सर्व 'ॲलर्जी'च्या रकान्यात कोंबले की पडद्यावर इशाऱ्यांची गर्दी होते. औषधांच्या संगणकीय इशाऱ्यांचा अनुभव असा आहे की ते फार झाले की डॉक्टर बहुतेक इशारे न वाचताच पुढे जातात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे. म्हणून श्रद्धा, आवड, पथ्य आणि वावडे यांचे रकाने वेगळे हवेत. पहिल्या दोहोंचा मान राखावा, तिसऱ्यासाठी आहारतज्ज्ञाला विचारावे, आणि चौथ्यासाठी मात्र ताट थांबलेच पाहिजे.

तिसरी मर्यादा खास आपली आहे. आपल्याकडे रुग्णालयात घरचा डबा येतो. शेजारच्या खाटेवरची मावशी मायेने लाडू देते. भेटीला आलेले आप्त देवाचा प्रसाद हातावर ठेवतात, आणि प्रसादाला नाही कसे म्हणावे? यांपैकी एकही वस्तू संगणकाच्या नजरेखालून जात नाही. स्वयंपाकघराने कितीही काटेकोर राखण केली तरी हे मागचे दार उघडेच असते. त्यावर पहारा ठेवावयाचा तो आपणच.

आपण काय करावे?

या विषयात नागरिकांना करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला खर्च येत नाही. दाखल होताना न विचारताही अन्नाचे वावडे सांगावे. सांगताना 'चालत नाही' असे मोघम म्हणू नये. "दाणे खाल्ले की अर्ध्या तासात अंगावर गांधी येतात आणि श्वास अडतो" असे पदार्थ, वेळ आणि परिणाम या तिन्हींसह सांगावे. केवळ नावड असेल तर तीही मोकळेपणाने नावड म्हणूनच सांगावी. काय लिहून घेतले ते वाचून दाखविण्याची विनंती करावी. वॉर्ड बदलला, पाळी बदलली, शस्त्रक्रिया होऊन रोगी परत आला, की पुन्हा एकदा सांगावे. बाहेरचे काहीही देण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे, आणि शेजारच्या रोग्याला आपल्या डब्यातले देण्याचा मोह आवरावा.

एवढे करूनही चुकून घास गेला आणि लक्षणे दिसू लागली, तर वाट पाहत बसू नये. ताबडतोब परिचारिकेला हाक मारावी आणि काय खाल्ले ते सांगावे. रोग्याला चालवू नये, एकदम उठवून उभे करू नये. आडवे निजवून पाय उंच ठेवावे. श्वासाला फारच त्रास होत असेल तर बसते करावे, पण उभे नव्हे. ॲड्रेनॅलिन लवकर मिळाले तर बहुतेक रोगी वाचतात. ते उशिरा मिळणे हेच घाताचे कारण होते.

आणि ज्यांच्याकडे रुग्णालय चालविण्याची जबाबदारी आहे, असे विश्वस्त व डॉक्टर या सभेत असतील तर त्यांस एक विनंती. महागडी आज्ञावली घेता येत नसेल तरी आज रात्री आपल्या प्रवेशाच्या कागदावरील तो एक रकाना पाहावा. 'ॲलर्जी' या एका शब्दाच्या जागी 'औषधाची' आणि 'अन्नाची' अशा दोन ओळी छापाव्यात. प्रत्येक ओळीपुढे 'आहे', 'विचारले, नाही', 'अद्याप विचारले नाही' अशी तीन घरे काढावीत, आणि विचारणाऱ्याची सही घ्यावी. याला संगणक लागत नाही. पुढे संगणक आलाच तर त्याला पहिला धडा याच कागदावरून द्यावा लागेल.

त्या आठ वर्षांच्या मुलाच्या आईने ही दुरुस्ती स्वतःच करून टाकली. मूल पुन्हा एकदा रुग्णालयात गेले तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, "औषधाची ॲलर्जी?" ती म्हणाली, "औषधाची नाही. दाण्याची आहे, तेवढी लिहा, आणि लिहिलेली मला दाखवा." त्याने लिहिले, आणि कागद फिरवून तिच्यापुढे धरला.